दौऱ्याच्या यादीत नसलेली गावे

मुंबईत ‘डर्ज’ नावाचा एक बँड आहे. डर्ज म्हणजे शोकगीत. या मंडळींनी २०१८ साली ‘आह पुच’ हा अल्बम काढला. आह पुच हे माया लोकांच्या मृत्युदेवतेचे एक नाव. बंगळुरातले ‘बेवर सी’ आणि ‘जिन अँड मिस्कॅटॉनिक’ हे याच कुळातले. त्यांच्या संगीतप्रकाराला ‘डूम मेटल’ म्हणतात. विजेच्या गिटारीच्या तारा सैल करून स्वर खाली उतरवायचे, लय हेतुतः संथ ठेवायची, एकेक गाणे आठ-दहा मिनिटे चालू द्यायचे आणि विषय घ्यायचे ते मृत्यूचे, निराशेचे, सर्वनाशाचे. आपल्याकडे ‘बँड’ म्हटले की वरातीपुढचे पितळी वाद्यांचे पथक डोळ्यांसमोर येते. त्याच्याशी याचा नावापलीकडे काही संबंध नाही.

असा एखादा बँड नवा अल्बम काढतो तेव्हा त्यापाठोपाठ दौरा जाहीर करतो. यादीत मुंबई असते, पुणे असते, बंगळूर, दिल्ली, क्वचित गुवाहाटी आणि शिलाँगही असतात. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर ही नावे नसतात, आणि ती नसावीत याचे कोणाला आश्चर्यही वाटत नाही. २०११ च्या जनगणनेत या तीन गावांची लोकसंख्या मिळून ९ लाख ३३ हजार ७९९ होती. आज ती त्याहून पुष्कळच अधिक असणार. प्रस्तुत लेखकाला हे संगीत विशेष प्रिय आहे असे नाही. भीमसेन जोशींच्या तोडीवर ज्याचा कान तयार झाला, त्याला साठीनंतर ते प्रिय होणे अवघडच. परंतु एकमेकांना लागून असलेल्या तीन गावांत दहा लाखांच्या आसपास माणसे राहतात आणि तेथे चार पोरांना मोठ्याने वाद्ये वाजवायला एक खोली मिळत नाही, ही गोष्ट आवडीनिवडीवर सोडून देता येत नाही. तो सार्वजनिक खर्चाचा, म्हणजे अर्थशास्त्राचा प्रश्न आहे.

हे संगीत जन्मले कुठे, ते पाहू. इंग्लंडातील बर्मिंगहॅम हे १९७० च्या सुमारास सुमारे दहा लाख वस्तीचे, पत्रा, ओतकाम आणि मोटारींचे सुटे भाग बनवणारे शहर होते. म्हणजे आपल्या या तीन गावांएवढेच. तेथल्या ॲस्टन या कामगार वस्तीतला टोनी इयोमी नावाचा मुलगा पत्र्याच्या कारखान्यात कामाला होता. १९६५ साली, वयाच्या सतराव्या वर्षी, नोकरीच्या अगदी शेवटच्या दिवशी, त्याच्या उजव्या हाताच्या मधल्या बोटाचा आणि अनामिकेचा शेंडा यंत्राने कापला गेला. तो डावखुरा वादक. म्हणजे तारा दाबण्याचा हात तो हाच. त्याच्या कारखान्यातल्या वरिष्ठाने त्याला जँगो राइनहार्ट या वादकाची ध्वनिमुद्रिका ऐकवली. १९२८ च्या आगीत राइनहार्टचा हात होरपळला होता आणि उरलेल्या दोन बोटांवर तो युरोपातला श्रेष्ठ गिटारवादक झाला होता. इयोमीने प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांना बसतील अशी अंगुस्ताने केली, त्यांवर चामडे चिकटवले. ताठ तारा त्या बोटांना सोसेनात म्हणून बारीक तारा लावल्या; पुढे १९७१ च्या अल्बमपर्यंत त्या चांगल्याच सैल केल्या. सैल तारेचा तो जड, खोल, घरघरता स्वर म्हणजेच डूम मेटलचा मूलस्वर. इयोमीच्या बँडचे नाव ‘ब्लॅक सॅबथ’. जगभरातले डूम मेटलवाले त्याला आद्यपीठ मानतात.

एका संगीतप्रकाराचे मूळ कारखान्यातल्या अपघातात सापडावे, ही गोष्ट अंबरनाथच्या माणसाला तरी परकी वाटू नये. मोरिवली, आनंदनगर, चिखलोली येथल्या औद्योगिक वसाहतींत प्रेसवर बोट गमावलेला माणूस शोधायला फार फिरावे लागत नाही. अशा बोटांची किंमत ठरवण्याची आपली रीतही ठरलेली आहे. १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याला एक परिशिष्ट जोडलेले होते. मधल्या बोटाचे एक पेर गेले तर कमाईची शक्ती ७ टक्क्यांनी घटली असे धरावे; अनामिकेचे किंवा करंगळीचे एक पेर गेले तर ५ टक्क्यांनी. इयोमी अंबरनाथला कामाला असता आणि त्याची दोन पेरे गेली असती, तर या हिशेबाने तो १२ टक्के निकामी ठरला असता. वर्गात हे कोष्टक मी अनेक वर्षे शिकवले. त्या पोरासारख्या बोटांनी गिटार वाजवायची असेल तर तिचे किती टक्के, हा रकाना त्यात नाही. असूही शकत नाही, कारण कामगाराला कामाखेरीज हात असतात हे कोष्टकाला ठाऊकच नसते.

पण अपघातातून आपोआप संगीत निघत नाही. तसे असते तर ठाणे जिल्ह्यात आज घरटी एक बँड निघाला असता. मधे आणखी काहीतरी लागते. ही चार कामगारपुत्रांची टोळी सराव करीत असे ती ॲस्टनमधल्या एका सामाजिक केंद्रात. समोरच्या चित्रपटगृहात ‘ब्लॅक सॅबथ’ नावाचा भयपट लागलेला होता. माणसे घाबरण्यासाठी पैसे मोजतात हे त्यांनी पाहिले आणि बँडला ते नाव दिले, अशी ती सुपरिचित हकीकत. हकीकत सांगणारे चित्रपटाचे सांगतात; माझे लक्ष त्या केंद्राकडे जाते. नाव नसलेल्या, चार पोरांच्या, कानठळ्या बसवणाऱ्या टोळक्याला सकाळी येऊन वाजवता येईल असे एक सार्वजनिक छप्पर त्या कामगार वस्तीत होते. पहिला अल्बम त्यांनी १९६९ च्या ऑक्टोबरात जेमतेम एका दिवसात ध्वनिमुद्रित केला आणि तो १३ फेब्रुवारी १९७० ला बाजारात आला. तो एक दिवस पुरला, कारण त्यामागे सरावाचे आणि लहानमोठ्या दिवाणखान्यांतून वाजवण्याचे शेकडो तास होते. त्या तासांचे भाडे कोणी भरले, हा विचारण्याजोगा प्रश्न आहे.

याच प्रश्नाचे आणखी स्पष्ट उत्तर हॉलंडमधील टिलबर्ग या गावात मिळते. टिलबर्ग लोकरी कापडाच्या गिरण्यांचे गाव. १९६० आणि ७० च्या दशकांत तेथल्या गिरण्या एकामागून एक बंद पडल्या. वस्ती आपल्या अंबरनाथच्या २०११ सालच्या वस्तीहूनही थोडी कमीच. या गावात १९९८ साली सार्वजनिक पाठबळावर ‘०१३’ नावाचे संगीतगृह उभे राहिले. १९९९ पासून भरत आलेला ‘रोडबर्न’ हा उत्सव आज तेथेच भरतो, आणि तो डूम मेटलचे पंढरपूर मानला जातो. वारकरी साऱ्या जगातून येतात. फ्रान्समध्ये आधुनिक लोकप्रिय संगीताच्या लहान रंगगृहांना शासकीय मान्यता आणि अनुदान देण्याची रीतसर योजना १९९० च्या दशकापासून आहे. जर्मनीत गावोगावी युवककेंद्रे आहेत आणि त्यांत व्यासपीठ असते. परिणाम काय? ‘गटस्लिट’ हा मुंबईचा बँड युरोपचे दौरे करून येतो. पण मुंबईच्या बँडला बदलापूरला यायचे तर उतरायचे कुठे, वाजवायचे कुठे, हे कोणी सांगू शकत नाही. विमानाचे अंतर कापता येते, कर्जत लोकलचे नाही.

आपल्याही गिरण्या बंद पडल्या. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, अडीच लाखांच्या घरातले कामगार बाहेर पडले आणि पुष्कळांना परत आत जाता आले नाही. १९९१ च्या नियमाने गिरण्यांच्या जमिनीचे तीन वाटे ठरले होते: एक महापालिकेच्या मोकळ्या जागांना, एक सार्वजनिक घरबांधणीला, एक मालकाला. २००१ च्या दुरुस्तीने हे वाटे केवळ रिकाम्या जमिनीपुरते उरले आणि २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती ग्राह्य धरली. पुढचे चित्र वाचकांना ठाऊक आहे. त्याच आवारांत उपाहारगृहे आणि पानगृहे निघाली, आणि त्यांतल्या काहींत संगीतही वाजू लागले. मथुरादास गिरणीच्या आवारातले ‘ब्लू फ्रॉग’ २००७ साली निघाले, नावारूपाला आले आणि पुढे बंदही पडले. जेथे सार्वजनिक सभागृह होऊ शकले असते तेथे खाजगी पानगृह झाले. संगीत हे तेथे ग्राहकाला अधिक वेळ बसवून ठेवण्याचे साधन. बदलापूरचा मुलगा तेथे जातो तेव्हा तिकीट भरतो, पेयाचे पैसे भरतो आणि बँडचे शेवटचे, म्हणजे बहुधा सर्वांत चांगले गाणे सोडून शेवटची गाडी पकडायला धावतो. मुंबईत पूर्वी धोबीतलावजवळचे रंगभवन होते. १९८६ पासून ‘इंडिपेन्डन्स रॉक’ हा महोत्सव तेथे बहरला. शांतता क्षेत्राच्या नियमामुळे २००३ च्या सुमारास त्या खुल्या रंगमंचावरचे मोठ्या आवाजाचे कार्यक्रम थांबले. रुग्णालय आणि महाविद्यालयाशेजारी शांतता हवी, हे मान्यच आहे. परंतु एक सार्वजनिक जागा नियमाने बंद करताना दुसरी उघडण्याचे बंधन त्या नियमाने कोणावर घातले नाही.

आता बँडचा जमाखर्च पाहू. फोनवर एक गाणे एकदा ऐकले गेले तर वादकांच्या पदरात रुपयाचा एखादा अंश पडतो. अल्बम हे त्यामुळे उत्पन्नाचे साधन राहिलेले नसून दौऱ्याची जाहिरात झाले आहे. खरी मिळकत तिकिटे आणि बँडचे नाव छापलेले काळे टी-शर्ट यांची. (या रसिकांचा गणवेश म्हणजे काळा टी-शर्ट आणि जीन्स. जीन्स शिवण्यात उल्हासनगरच्या कॅम्पांतल्या गल्ल्यांनी अवघी हयात घालवली. कपडे आमचे, कार्यक्रम दुसरीकडे.) मोठी कंपनी अल्बमसाठी आगाऊ रक्कम देते, पण ती पुढच्या विक्रीतून वळती करून घेते. याला मराठीत नेमका शब्द आहे: उचल. ऊसतोड कामगार मुकादमाकडून घेतो तीच, तमाशाच्या फडातला कलावंत हंगामापूर्वी घेतो तीच. हंगाम संपतो, उचल फिटत नाही, पुढच्या हंगामाला माणूस बांधला जातो. नारायणगावच्या राहुट्यांमध्ये जे चालते ते लंडनच्या कचेऱ्यांमध्ये अधिक चांगल्या कागदावर चालते, एवढाच फरक.

बॉमोल आणि बोवेन या दोन अर्थशास्त्रज्ञांनी १९६६ साली या दुखण्याचे निदान करून ठेवले आहे. कारखान्यात यंत्र सुधारले की तेवढ्याच माणसांत दुप्पट माल निघतो आणि मजुरी वाढली तरी ती मालावर पसरते. चार वादकांनी दहा मिनिटांचे गाणे वाजवायचे तर १९७० मध्ये चाळीस मनुष्य-मिनिटे लागत, आजही चाळीसच लागतात. डूम मेटलला तर लय वाढवून वेळ वाचवण्याचीही सोय नाही. इतरत्र मजुरी, भाडे, इंधन वाढत जाते आणि त्या मानाने प्रत्यक्ष वादन सतत महाग होत जाते. ते केवळ तिकिटावर सोडले तर ते श्रीमंतांच्या वस्तीत जाऊन राहते. भाडे परवडणारी जागा समाजाने दिली तरच ते अन्यत्र टिकते. यात क्रांतिकारक असे काही नाही. सार्वजनिक ग्रंथालयाचे तत्त्व हेच आहे.

आपल्या चळवळीतले काही मित्र म्हणतील, हे परकीय, निराशावादी, व्यक्तिवादी संगीत. आपण शाहिरीची काळजी करावी. शाहिरीची अवश्य करावी. पण शाहिरी तरी कशावर जगली? १९४४ साली अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि गव्हाणकर यांनी लाल बावटा कलापथक उभे केले, तेव्हा त्याच्या पाठीशी गिरणगाव होते: चाळीचे पटांगण, युनियनची कचेरी, कामगारांच्या वर्गणीचा पैसा. राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकातून निळू फुले आणि दादा कोंडके पुढे आले. त्या पथकाचे दौरे शाळांच्या ओसरीवर आणि कार्यकर्त्यांच्या घरच्या पिठल्यावर चालले. म्हणजे तेथेही जागा, सराव आणि जेवण यांचा खर्च कोणीतरी सामाईकपणे उचलत होते. ते सामाईकपण विरले, त्याबरोबर कलापथकेही विरली. आणि निराशेचे म्हणाल, तर ज्या गावांना निराश होण्याची कारणे आहेत त्यांनी ती गाऊ नयेत, असे आपण कोणत्या तोंडाने सांगणार?

कारणे आहेतच. शिलाहारांच्या काळात, १०६० साली, ज्या वालधुनीकाठी अंबरनाथचे शिवमंदिर उभे राहिले, तिच्याजवळून आज नाकाला रुमाल न लावता जाववत नाही. २०१४ साली तिच्यात टँकरमधून चोरून ओतलेल्या रसायनांच्या वायूने उल्हासनगरात शेकडो माणसे आजारी पडली. विम्कोचा काड्यापेट्यांचा कारखाना गेला. संरक्षण उत्पादनाच्या कारखान्यांचे २०२१ साली सात कंपन्यांत विभाजन झाले. बदलापूर तर आता पहाटे रिकामे होणारे आणि रात्री भरणारे गाव. २०१९ च्या जुलैत त्याच्या पुढे महालक्ष्मी एक्स्प्रेस पुरात अडकली आणि सुमारे हजार प्रवाशांना बोटींनी काढावे लागले. शोकाचे संगीत या गावांना नवे नाही. फाळणीनंतर कल्याणच्या लष्करी छावणीत सिंधी निर्वासित आले आणि १९४९ साली त्या छावणीचे उल्हासनगर झाले, तेव्हा त्यांनी आपल्याबरोबर ‘भगत’ आणली: घुंगरू बांधून रात्रभर गात, नाचत, कथा सांगत गावोगाव फिरणारी परंपरा. भगत कंवरराम हे तिचे सर्वांत मोठे नाव. १९३९ साली सिंधमध्ये रूक स्थानकावर त्यांना गोळ्या घालून मारण्यात आले. मिळालेली बिदागी ते गरिबांत वाटून टाकीत. कल्याणच्या बाजूने प्रल्हाद शिंदे यांचा आवाज कॅसेटींतून या साऱ्या पट्ट्यातल्या घराघरात शिरला. गाणारे गळे येथे कधीच कमी नव्हते.

माझा एक जुना विद्यार्थी अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतीत एका लहान कारखान्यात नोकरी करतो आणि तीन मित्रांबरोबर असेच संथ, जड संगीत वाजवतो. घरी वाजवता येत नाही; सोसायटीच्या भिंती पातळ आहेत आणि शेजारणीची मुलगी बारावीला आहे. म्हणून एका ओळखीच्या मालकाच्या गाळ्यात, दुसरी पाळी सुटल्यावर, पुठ्ठ्यांच्या थप्प्यांमध्ये ते सराव करतात. पुठ्ठा आवाज चांगला शोषतो, असे त्याने मला सांगितले. मालकाने गाळा विकला की सराव संपला. ‘सर, तालुक्यात पाच-सहा बँड असतील, पण एकमेकांना ऐकलेले नाही,’ असेही तो म्हणाला. हे वाक्य मला त्याच्या संगीतापेक्षा अधिक खिन्न वाटले.

बर्मिंगहॅमचा शेवटही सांगितला पाहिजे, कारण सार्वजनिक छप्पर एकदा मिळाले की कायमचे मिळाले असे नसते. त्या शहराच्या नगरपालिकेने सप्टेंबर २०२३ मध्ये दिवाळखोरीसदृश अवस्था जाहीर केली. स्त्री-कामगारांना वर्षानुवर्षे पुरुषांच्या बरोबरीचे वेतन दिले नव्हते, त्याची देणी हे त्यामागचे एक मोठे कारण. पुढच्या वर्षी कलासंस्थांची अनुदाने आधी निम्मी करण्याचा आणि २०२५–२६ पर्यंत पूर्णपणे बंद करण्याचा निर्णय झाला. त्याच ॲस्टनमधल्या व्हिला पार्क मैदानावर ५ जुलै २०२५ ला ब्लॅक सॅबथचे चारही मूळ वादक शेवटचे एकत्र आले. २२ जुलैला गायक ऑझी ऑस्बर्न वारला. शहराने त्यांना थाटाने निरोप दिला. आज त्या वस्तीतल्या सतरा वर्षांच्या पोराला सकाळी दार उघडून देणारे केंद्र उरले आहे का, हे तेथल्या लोकांनी पाहावे.

आपण आपले पाहू. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांप्रमाणे निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल, तर औद्योगिक भागात ७५ आणि ७० डेसिबल ही मर्यादा आहे. म्हणजे या संगीताला सर्वांत सोयीची जागा कायद्यानेच दाखवून दिली आहे, आणि अशा जागा येथे बंद पडून आहेत. अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतीतला एक बंद गाळा किंवा कारखान्याची एक शेड औद्योगिक विकास महामंडळाने नाममात्र भाड्याने द्यावी. उल्हासनगर महानगरपालिका आणि अंबरनाथ व बदलापूरच्या नगरपालिका यांनी मिळून तिचा खर्च लोकसंख्येच्या प्रमाणात वाटून घ्यावा. भिंतींना आवाज शोषणारे अस्तर, पुरेशा दाबाची वीज, स्वच्छ शौचालय, मुलींना रात्री नऊनंतरही निर्धास्त जाता येईल असा उजेड आणि स्थानकापर्यंत एक बस, एवढेच हवे. संगमरवर नको, कोनशिला तर नकोच. दर तासाला शंभर रुपयांच्या आत ठेवावा. सोमवारी ढोलताशा पथक, मंगळवारी भीमगीतांची मंडळी, बुधवारी भगतवाले, गुरुवारी भजनी मंडळ, शुक्रवारी माझ्या विद्यार्थ्यासारखी काळ्या टी-शर्टातली पोरे. आणि महिन्यातून एका शनिवारी तिकीट लावून कार्यक्रम, ज्यात बाहेरचा एक बँड आणि गावातले दोन असतील. बदलापुरात ‘ग्रंथसखा’सारखे वाचनालय नागरिकांच्या हिमतीवर उभे राहू शकते, तर तीन नगरसंस्थांना एक शेड जड जाऊ नये. किल्ली मात्र कोणत्याही पक्षाच्या कार्यकर्त्याकडे असू नये, आमच्याही नाही. पगारी व्यवस्थापक असावा, नोंदवही भिंतीला टांगलेली असावी, आणि लग्नाच्या मोसमात ती शेड कोणालाही मांडवासाठी दिली जाणार नाही, हे पहिल्याच ठरावात लिहून ठेवावे.